उसनी कौले

(तृतीय वर्ष कला)

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात ‘कायमचा पत्ता’ असा एक रकाना असतो. प्रथम वर्षाचा अर्ज भरताना माझ्याबरोबरच्या मुलींनी तो रकाना एका दमात भरला. माझे पेन मात्र तिथे अडले. आजीने जन्मभर सांगितलेले गाव मालवण तालुक्यातले, मी जन्मले ती खोली परळच्या चाळीतली आणि आता राहत होतो ते घर लोणावळ्याजवळच्या कुसगावातले. यांतले कायमचे कोणते? मागे रांग वाढली तसे मी ‘मु. पो. कुसगाव बुद्रुक, ता. मावळ’ असे लिहून टाकले आणि लिहिताना उगाचच इकडेतिकडे पाहिले. कुणी हटकेल की काय, अशी भीती वाटली. आपल्याच घराचा पत्ता लिहिताना माणसाला चोरट्यासारखे का वाटावे, याचा विचार तेव्हापासून मनात आहे. आज तो वाचकांपुढे मांडावा म्हणते.

आमचे आजोबा कोकणातून मुंबईला आले आणि गिरणीत साच्यावर लागले. दहा बाय बाराची खोली, भाड्याची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या दिवसांत बाहेर पडले, त्यांत तेही होते. ते पुन्हा आत गेले नाहीत. आजीने खानावळ चालवून घर सांभाळले. बाबा पुढे बेस्टमध्ये कंडक्टर झाले. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत भाडेपावत्यांचे एक जाड पुडके निघाले. महिन्याला एक पावती, अशी सगळ्या आयुष्याची. कोकणात घर होते खरे, पण भाऊबंद इतके की बाबांच्या वाट्याला एखादा वासाच यायचा.

चाळ मोडकळीला आली, टेकू लागले, तेव्हा बाबांनी खोलीचा हक्क विकला. पागडीची खोली, मालकाचा हिस्सा वजा जाऊन हाती आले त्यात मुंबईत काही मिळण्यासारखे नव्हते. बाबांचे एक सहकारी मावळातले. त्यांनी कुसगावच्या गावठाणातले एक जुने घर सुचवले. दगडी जोते, विटांच्या भिंती, वर मंगलोरी कौले आणि मागच्या पडवीला पत्रे. मूळ मालक रस्त्याकडेला नवे घर बांधून तिकडे गेलेले. २०१९ च्या दिवाळीनंतर खरेदीखत झाले. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नाव चढते, हे आम्हाला तेव्हा कळले. बाबांनी घर आजीच्या नावावर घेतले. घरपट्टीची पहिली पावती आली तेव्हा आजीने ती देव्हाऱ्यात ठेवली. ‘पैसे भरूनसुद्धा ही पावती वेगळी’ एवढेच ती म्हणाली. आयुष्यभर भाडेपावती हातात घेतलेल्या बाईला हा फरक कुणी समजावून सांगावा लागला नाही.

२०२० च्या मार्चमध्ये, शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, आम्ही सामान हलवले. माझी नववीची परीक्षा राहिली होती. त्यासाठी मी मावशीकडे परत जाणार होते. टेंपोत पुढे ड्रायव्हरशेजारी आजी बसली. बोरघाट चढताना ती एकदम गप्प झाली. कोकणातल्या माणसाला समुद्र परका नसतो, मुंबई परकी नसते. मुंबईला जाणे म्हणजे शेजारच्या वाडीत जाण्यासारखे. पण घाटावर जाणे म्हणजे परदेशी जाणे. चाळीत आम्ही घाटावरच्या माणसांना ‘घाटी’ म्हणत होतो आणि ते आम्हाला काय म्हणत होते ते इथे लिहिण्यासारखे नाही. सत्तरी उलटल्यावर आजी तो घाट पहिल्यांदा चढत होती, आणि तोही कायमची राहायला.

आपल्या मालकीच्या घरात राहायचे कसे, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हते. ही गोष्ट कुणाला हास्यास्पद वाटेल, पण ती खरी आहे. पहिल्या दिवशी बाबा आजोबांचा फोटो लावायला खिळा आणि हातोडी घेऊन उभे राहिले, ते उभेच. चाळीत भिंतीला खिळा ठोकायचा तर पलीकडच्या बिऱ्हाडाला विचारावे लागे. भिंत दोघांची असे. इथे चारही भिंती आमच्या. बाबा कधी या भिंतीवर बोट ठेवत, कधी त्या. शेवटी आजी वैतागून म्हणाली, ‘‘ह्या आपला घर मां? मगे खिळो मारूक कोणाक इचारतंस?’’ बाबांनी डोळे मिटल्यासारखे करून खिळा ठोकला. विटेचा भुगा पडला. आईने तो लगेच झाडून काढला, जणू घरमालक येऊन पाहील.

कुलपाचेही तसेच. चाळीत दार दिवसा कधी लागत नसे. इथे आई न्हाणीत जातानासुद्धा पुढच्या दाराला कडी घालू लागली. रात्री द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांचा घरघराट ऐकू येई. मला त्याने झोप येईना, आजीला मात्र गाढ येई. ती म्हणे, रातपाळीला गिरणी अशीच वाजायची.

आणि भात! आजीला उकड्या तांदळाची पेज हवी. इथे घरोघर इंद्रायणी. ही जात याच तालुक्यातल्या, वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आली, हे मला पुढे कळले. तिच्या सुवासाचे मावळात कोण कौतुक! पण तो भात मुळातच चिकट. आजीने सवयीने त्याची पेज केली, ती झाली खळ. ‘‘पोस्टर चिकटवूक बरी,’’ असा तिचा अभिप्राय पडला. चार दिवस तिने तो भात ढवळण्यात आणि त्याला नावे ठेवण्यात घालवले, पाचव्या दिवशी पाणी कमी घातले.

मग २२ मार्चचा जनता कर्फ्यू आला आणि पाठोपाठ २५ तारखेपासून सारा देश बंद झाला. माझी परीक्षा झालीच नाही. बाबा मुंबईत अडकले. अडकले म्हणण्यापेक्षा त्यांची ड्यूटी सुरू होती. रुग्णालयांच्या आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांसाठी बेस्टच्या बसगाड्या चालू होत्या. ज्या घरासाठी त्यांनी आयुष्याची पुंजी घातली, त्यात ते स्वतः पुरते पंधरा दिवससुद्धा राहिले नव्हते.

त्या महिन्यांत गावोगाव वेशीवर बांबू आडवे बांधले गेले होते. मुंबईहून आलेले माणूस म्हणजे चालताबोलता आजार, अशी समजूत होती आणि ती अगदीच निराधारही नव्हती. आम्ही तर नुकतेच मुंबईहून आलेलो. आमच्या दारावरून जाणारी माणसे रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जात. नळावर आई गेली की बायका हंडे उचलून लांब उभ्या राहत. कुणी वाईट बोलले नाही. कुणी काहीच बोलले नाही. मी गावाला दोष देत नाही. आमच्या चाळीतही बाहेरच्या माणसाला जिन्याखाली थांबवत होते, असे मावशी फोनवर सांगे. पण दोष कुणाचाच नसला म्हणून दुखायचे थांबत नाही. घर आपले आणि गाव परके, अशी ती अवस्था होती.

समोरच्या घरात एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना तात्या म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. ते आपल्या ओट्यावर बसून आमच्या घराकडे पाहत असत. एका संध्याकाळी त्यांनी तिथूनच आजीला विचारले, ‘‘कुठलं गाव म्हणायचं तुमचं?’’

‘‘मालवणाकडला,’’ आजी म्हणाली.

‘‘मग हिकडं कसं काय आलात?’’

प्रश्न सरळ होता. त्याचे सरळ उत्तर आमच्याजवळ नव्हते. आजी नुसती हसली. तात्यांनी पुन्हा विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ओट्यावरूनच म्हणाले, ‘‘पाऊस पश्चिमेचा येतो, त्ये ध्यानात ठेवा. त्या अंगाला आधी झडप बांधा.’’

पावसाआधी वादळ आले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागले आणि दुपारनंतर मावळात शिरले. आम्ही तिघी मधल्या खोलीत बसलो होतो. आधी मागच्या पडवीचे पत्रे वाजू लागले, मग एकेक करून उडाले. पत्रा उडताना होणारा आवाज मी कधी विसरणार नाही. त्यानंतर परसातल्या आंब्याची फांदी कौलांवर आली. वरून माती, पाणी आणि कौलांचे तुकडे असे सगळे एकदमच कोसळले. आजी देव्हाऱ्याकडे धावली. मला वाटले, देवाला धावा करते आहे. तिने घरपट्टीची पावती आणि खरेदीखताची पिशवी उचलून पोलक्यात खोचली.

कडी वाजली. दारात तात्या, त्यांचा मुलगा आणि सून. डोक्यावर पोती. तोंडाला बांधायचे फडके कुणाच्या ध्यानातही नव्हते. ‘‘चला हिथून,’’ तात्या म्हणाले. दोन महिने जो रस्ता कुणी ओलांडला नव्हता, तो आम्ही तात्यांच्या सुनेचा हात धरून ओलांडला. ती रात्र आम्ही त्यांच्या घरात काढली. वीज गेली ती पुढे कित्येक दिवस आली नाही. बाबांना फोन लागेना. नंतर कळले की तिकडे ते त्या रात्री वेड्यासारखे फोन करत होते.

दोन दिवसांनी पाऊस ओसरला, पण पत्रे आणि कौले मिळणार कुठे? आमच्यासारखी अवस्था साऱ्या टापूत होती. दुकानात माल नव्हता आणि होता त्याचा भाव विचारायची सोय नव्हती. तात्यांनी मागच्या वर्षी आपला गोठा उतरवला होता. जनावरे राहिली नव्हती. त्याची कौले परसात रचून ठेवली होती. त्यांच्या मुलाने आणि गल्लीतल्या आणखी दोघांनी ती आणून आमच्या घरावर चढवली. आईने पैशाचे विचारले तर तात्या म्हणाले, ‘‘इकायची न्हाईत ती. गोठ्यावर पडून व्हती, आता तुमच्या घरावर पडतील.’’

आजी खाली उभी राहून एकेक कौल मोजत होती. खानावळीच्या हिशेबाची तिची रीत होती, कोळशाच्या रेघांची. दाराआडच्या भिंतीवर तिने पाच-पाचच्या जुड्या करून रेघा ओढल्या. एकशे बारा भरली. ‘‘ह्यो हिशेब पुसू नको गो,’’ ती मला म्हणाली, ‘‘उसन्याचा इसरूक नये.’’ आपल्या मालकीच्या भिंतीवर आम्ही केलेली ती पहिली नोंद. ती जमेची नव्हती, देण्याची होती.

त्या पावसाने आम्हाला पुष्कळ शिकवले. लोणावळ्याच्या अंगाला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईच्या जवळजवळ दुप्पट. मिठाचे पाणी होते, काड्यापेटी पेटत नाही, चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी चढते, वह्यांची पाने पापडासारखी मऊ पडतात. काड्यापेटी तांदळाच्या डब्यात ठेवायची, कपडे चुलीच्या धगीवर सुकवायचे, खरेदीखत ट्रंकेत ठेवून वर घोंगडी टाकायची, हे तात्यांच्या सुनेने आईला शिकवले. पण एक गोष्ट आजीने त्यांच्यावर ताण करून दाखवली. गळणारे नेमके कौल खाली बसून, थेंबाच्या रोखावरून ती अचूक सांगे. कोकणातले तिचे बालपण अशाच छपराखाली गेले होते. ‘‘थयसून तिसरा,’’ असे ती म्हणाली की शिडीवरचा माणूस तिसरेच कौल सरकवी आणि गळती थांबे. गावातले लोक त्यावरून आजीला ओळखू लागले. घाटावर तिचे पहिले नाव झाले ते असे.

त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला होते. बाबा त्याआधी आले आणि चौदा दिवस मागच्या पडवीत वेगळे राहिले. आई ताट उंबऱ्यावर ठेवून मागे सरके. घराचा कर्ता पुरुष पडवीत बसून आपल्याच घराकडे पाहतो आहे, हे दृश्य माझ्या मनात रुतून बसले आहे. तसे ते आजही पाहुणेच आहेत. नोकरी मुंबईत, मुक्काम मावशीकडे, घर आठवड्यातून एकदा. आल्या आल्या ते आधी वर छपराकडे पाहतात, मग आमच्याकडे.

पुढे मी महाविद्यालयात आले. इतिहासाच्या तासाला टाटांच्या जलविद्युत योजनेचा विषय निघाला आणि मी सावरून बसले. लोणावळा, वळवण, शिरवटा ही तळी घाटमाथ्यावर बांधली गेली. त्यांचे पाणी नळांतून खाली खोपोलीला उतरवले आणि १९१५ पासून तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. म्हणजे आमच्या खापरीवर पडणारा, आमचे मीठ विरघळवणारा हाच पाऊस घाट उतरून परळला पोचत होता. आजोबा ज्या गिरणगावात साचा चालवत, ते या पाण्याने उभे केले होते. आम्ही परक्या मुलखात आलो असे समजत होतो. पण दोन पिढ्या आम्ही याच मुलखाच्या पावसावर जेवलो होतो.

हा शोध लागल्यावर मला फार आनंद झाला. पण सरांनी तास तिथेच संपवला नाही. शेजारच्या मुळशी खोऱ्यात याच कामासाठी धरण बांधायचे ठरले तेव्हा मावळ्यांची शेते आणि घरे पाण्याखाली जाणार होती. त्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. १९२४ पर्यंत लढा चालला. धरण झाले, गावे बुडाली. माझा आनंद तिथेच विरला. आजोबांच्या पगाराच्या पाकिटात कुठेतरी मावळातल्या माणसाचे बुडालेले घर होते. आजोबांना ते ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी ते काय करणार होते? तरीपण त्या दिवशी घरी आल्यावर मी दाराआडच्या कोळशाच्या रेघांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले. कौले एकशे बारा होती. देणे त्याहून जुने असावे.

‘बुद्रुक’ हा शब्द फारसी ‘बुजुर्ग’ या शब्दावरून आला. थोरले गाव ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. आमच्या या थोरल्या गावात गेल्या काही वर्षांत घरांपेक्षा बंगले वेगाने वाढत आहेत. शनिवारी दिवे लागतात, सोमवारी विझतात. त्यांच्या फाटकांवर सुंदर नावे असतात आणि आत बहुधा रखवालदार. जमिनीला आलेला भाव बघून कुणालाही मोह व्हावा. २०२४ च्या दिवाळीनंतर तात्यांच्या मुलाने समोरचे घर विकले. मुलांच्या शाळा, नोकरी, सगळे तळेगावच्या बाजूला. तिकडे फ्लॅट घेतला. व्यवहाराच्या दृष्टीने त्याचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही. आमच्या बाबांनीही एक हक्क विकूनच हे घर घेतले होते.

निघताना आजी तात्यांना म्हणाली, ‘‘तुमची कौलां परत न्हेवा.’’ हे म्हणताना तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तात्या वर पाहत म्हणाले, ‘‘फ्लॅटला कौलं कुठं घालू, आजी?’’ थोडे थांबून पुढे म्हणाले, ‘‘राहू द्या. माझं तेवढंच गावात राहिलं.’’ महिन्याभरात समोरचे घर पाडले गेले. आता तिथे उंच कुंपणाची भिंत आहे. ओटा जिथे होता तिथे फाटक आहे.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पाऊस मेमध्येच आला. २६ तारखेला मोसमी वारे मुंबईत पोचले. इतके लवकर पूर्वी कधी पोचल्याची नोंद नव्हती. घर शाकारायचे राहून गेलेले. बाबा ड्यूटीवर, शिडीवर चढायला माणूस मिळेना. एका सकाळी दारात तात्या उभे. पुण्याकडच्या लोकलने लोणावळ्याला उतरून, तिथून रिक्षाने आले होते. ‘‘तिकडं तिसऱ्या मजल्यावर पाऊस दिसतो, पर ऐकू येत न्हाई,’’ म्हणाले. मग त्यांनी खाली उभे राहायचे, आजीने बाजेवर बसून बोट दाखवायचे आणि शिडीवर मी चढायचे, असे ठरले. मी आयुष्यात पहिल्यांदा छपरावर गेले. वरून सगळे गाव दिसत होते : नवे बंगले, जुनी खापरी, मधूनमधून उरलेली भातखाचरे आणि पलीकडे द्रुतगती मार्गावर धावणाऱ्या गाड्या. तात्यांची कौले ओळखू आली. ती आमच्यापेक्षा काळी होती आणि त्यांवर शेवाळाचा एक जुना थर होता. ‘‘तुडवू नगं, दांड्यावर पाय ठेव,’’ असे तात्या खालून ओरडत होते.

दुपारी ते जेवायला थांबले. आजीने इंद्रायणीचा भात आणि सुक्या बांगड्याचे तिखले केले होते. तात्यांनी ते नाक मुरडत खाल्ले आणि दुसऱ्यांदा मागून घेतले. त्यांना गाडीत बसवायला मी स्टेशनवर गेले. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका बाईंनी त्यांना सहज विचारले, ‘‘बाबा, गाव कुठलं तुमचं?’’ तात्यांनी माझ्याकडे पाहिले. माझ्याजवळ त्यांना देण्यासारखे उत्तर नव्हते. एके काळी त्यांनी हाच प्रश्न विचारला तेव्हा आजी जशी हसली होती, तसे ते हसले. तेवढ्यात गाडी लागली.

मी या वर्षी पदवीचा अर्ज भरला. त्यातही कायमच्या पत्त्याचा रकाना होता. या वेळी पेन अडले नाही. पण ‘कायमचा’ हा शब्द आता मी पूर्वीसारखा भाबडेपणाने वाचत नाही. खरेदीखताने घर नावावर होते, राहण्याने ते अंगवळणी पडते; आणि गाव? ते बहुधा देण्याघेण्याने थोडे थोडे आपले होत असावे, आणि त्याची पावती मिळत नसावी.

त्या दिवशी छपरावर तात्यांच्या कौलांपैकी चार फुटकी निघाली. मी बाजारातून चार नवी आणून बसवली. आजीने दाराआडच्या भिंतीवरच्या चार रेघा बोटाने पुसल्या. आता आमच्याकडे त्यांची एकशे आठ कौले आहेत.